जुन्या होबी १६ चे पार्ट: काय मागवायचं आणि काय इथेच करून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण गोव्यातल्या बंद पडलेल्या एका रिसॉर्टकडून जुनी होबी १६ (शेजारीशेजारी दोन लांब पोकळ अंगं असलेली शिडाची छोटी बोट, म्हणजे कॅटामरान) घेतली, आता ती अलिबागजवळ आणून ठेवली आहे. एका रडरचं (सुकाणूचं) कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचा भाग, तुटलंय, ट्रॅम्पोलिनच्या (मध्ये ताणलेल्या, बसायच्या कापडाच्या) चिंध्या झाल्यात, तारांना गंज चढलाय, ब्लॉक (कप्प्या) फिरत नाहीत, बोटीचे कागद नाहीत. ‘पूर्ण पार्ट-किट’ कुठे मिळेल, की सगळं परदेशातूनच मागवावं लागेल?

असं किट मिळत नाही आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. बोट मात्र चांगली निवडलीत. होबी ऑल्टर यांनी कॅलिफोर्नियात आखलेली ही बोट १९७० च्या सुमारास बाजारात आली आणि तिचा मूळ आराखडा आजही तोच आहे. जगभरात एक लाखाहून जास्त होबी १६ बनल्या. चाळीस वर्षांच्या बोटीला आजचा पार्ट बसतो, हे सुख दुसऱ्या फार थोड्या कॅटामरानच्या मालकांना मिळतं. प्रिंडलवाल्यांना विचारा, कंपनीच उरली नाही म्हटल्यावर एकेका कास्टिंगसाठी काय शोधाशोध करावी लागते ते.

तुमच्या यादीतला प्रत्येक पार्ट होबीचा नाही, हे आधी लक्षात घ्या. कास्टिंग, फ्रेमच्या नळ्या, मास्ट (डोलकाठी), रडरची यंत्रणा एवढंच खास त्यांचं. तारा, ब्लॉक, शॅकल (जोडकड्या), दोऱ्या, क्लीट (दोरी अडकवायची पकड), रिव्हेट हा बाजारातला माल, तो मापावर मिळतो. आणि ट्रॅम्पोलिन, बुशिंग, पॅकिंगच्या चकत्या या गोष्टी आपल्याकडचा चांगला कारागीर करून देतो. त्यामुळे ‘होबीचा अमुक पार्ट’ म्हणून शोधत बसलात तर दुप्पट-तिप्पट पैसे जातील. तो पार्ट काय काम करतो, त्याच्यावर जोर किती येतो आणि त्याचं माप काय, हे लिहून काढलंत की निम्मी यादी मुंबईतच संपेल.

पण ऑर्डरच्या आधी हल, म्हणजे बोटीची ती दोन पोकळ अंगं, तपासा. यात घाई करू नका. होबीचे हल म्हणजे फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये फोम. वर्षानुवर्षं उन्हात आणि भाराखाली राहिले की थर फोमपासून सुटतात. बोटांच्या पेरांनी डेकवर, म्हणजे हलच्या वरच्या पृष्ठभागावर, ठोकत जा. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथे थर सुटलाय. मग अंगठ्याने दाबा. सर्वांत जास्त दगा पुढच्या पायलनच्या, म्हणजे ज्या खुंटांवर फ्रेम उभी असते त्यांच्या, आजूबाजूला आणि थोडं पुढे असतो. तिथे अंगठा दाबल्यावर पृष्ठभाग आत जात असेल आणि कुरकुर आवाज येत असेल, तर एक रुपयाचाही पार्ट मागवू नका. तळहाताएवढी मऊ जागा असेल तर बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी आत सोडता येते, काम होतं. दोन्ही हल पायलनपासून पुढच्या टोकापर्यंत मऊ असतील तर ती बोट पार्ट काढायला ठेवा आणि दुसरी शोधा.

तळही बघा. या बोटीला डॅगरबोर्ड (पाण्यात खाली सोडायची फळी) नसतो, हलचा वाकडा बाकच बाजूचा जोर घेतो, म्हणून तिला वाळूवरून सर्रास ओढतात. रिसॉर्टच्या बोटी तर दिवसातून कैक वेळा ओढल्या जातात. केळ्यासारख्या वळणाचा जो सर्वांत खालचा भाग, तिथे फायबर घासून कागदासारखं पातळ झालेलं असतं. त्यावर ग्लासचे थर चढवावे लागतील, इपॉक्सीने. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरला छान धरते, उलट मात्र तितकं जमत नाही. नेहमीच्या मच्छीमार बोटींचा फायबरवाला पॉलिएस्टर रेझिन घेऊनच येईल. रेझिन तुम्ही आणा, हात त्याचा वापरा.

गळती बघायला हलमध्ये हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावतात. हवा तोंडाने फुंकून किंवा फार तर व्हॅक्युम क्लीनरच्या उलट्या बाजूने, हलक्या हाताने. हवेसाठी ठेवलेलं बारीक छिद्र असेल त्यावर टेप लावा. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर लावायचा नाही, डेकचा जोड उसवतो आणि मग खरंच बोट गेली.

हल पास झाले की बोट कुठली ते ठरवा. उजव्या हलच्या मागच्या टोकाला कोरलेला नंबर असतो. नोव्हेंबर १९७२ नंतर अमेरिकेत बनलेल्या बोटीचा नंबर ‘सीसीएम’ या अक्षरांनी सुरू होतो, म्हणजे कोस्ट कॅटामरान, होबीची मूळ कंपनी. शेवटच्या अक्षर-अंकांत बनावटीचं वर्ष दडलेलं असतं. युरोपातली, म्हणजे फ्रान्समध्ये बनलेली त्यामानाने नवी बोट असेल तर नंबर ‘एफआर’ने सुरू होतो. ऑस्ट्रेलियातही या बोटी बनत. हे जाणून घ्यायचं कारण असं की मूळ बोट एकच असली तरी हार्डवेअर सगळीकडे सारखं नाही. मागच्या टोकाला बसणारे गजन (रडर ज्यांत अडकतं ते कडीसारखे भाग) जुन्या बोटींना वेगळे, नव्यांना वेगळे. अमेरिकी मास्टचा वरचा तुकडा १९८० च्या दशकापासून फायबरचा यायला लागला, कारण किनाऱ्यावर उभी मास्ट विजेच्या तारांना लागून माणसं दगावत होती. युरोपातली मास्ट शेंड्यापर्यंत अॅल्युमिनियमची. विक्रेत्याला नंबराचा आणि जुन्या पार्टचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, पाठवलात तर चुकीचा पार्ट यायची भीती जवळपास संपते. (पट्टीचा फोटो सरळ वरून काढा, तिरका नको.)

आता तुमचं रडर. हे सविस्तर सांगतो, कारण लोक नेमकं इथेच कास्टिंग बदलतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा तोडतात.

होबीचं रडर वाळूला लागलं की आपोआप वर उचललं जातं. टिलरच्या (सुकाणूच्या दांड्याच्या) नळीत एक स्प्रिंग आणि तिच्यापुढे प्लंजर (सरकणारा खुंटा) असतो. टिलर खाली दाबला की प्लंजरचं नाक वरच्या कास्टिंगमधल्या कॅममध्ये (खाचेच्या तुकड्यात) जाऊन बसतं, ‘खट्’ आवाज येतो आणि रडर खाली पक्कं होतं. काही वर्षांनी कॅमची कड गोल होते, प्लंजरचं नाक झिजतं, स्प्रिंग मलूल होते. मग ‘खट्’ येतो पण पकड अर्धवट राहते. वाऱ्यात बोट धावायला लागली की रडर पाण्याच्या दाबाने थोडं मागे सरकतं. पात्याचा जोर सांध्याच्या मागे गेला की हातातला टिलर ओढायला लागतो, आणि तो सगळा पीळ खालच्या कास्टिंगवर येतो. मोडतं कास्टिंग, पण दोष कॅमचा असतो. म्हणून तुटलेलं कास्टिंग मागवताना त्याबरोबर दोन्ही बाजूंचे कॅम, प्लंजर आणि स्प्रिंग मागवा. हे पार्ट लहान, हलके आणि त्यामानाने स्वस्त आहेत. बसवल्यावर स्प्रिंगचा ताण टिलरच्या पुढच्या टोकातल्या प्लास्टिकच्या स्क्रूने जुळवायचा. इतका कडक नको की वाळूवर रडर उठणारच नाही आणि मागच्या टोकावर घाला बसेल.

होबी १४ आणि होबी १६ चं रडर-कास्टिंग बहुतांशी एकच आहे, त्यामुळे कुठे जुनी होबी १४ पडलेली दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. होबी १८ चं मात्र चालणार नाही.

‘कोल्हापुरात ओतून घेतलं तर?’ असं तुम्ही पुढे विचारणारच. शिरोली, गोकुळ शिरगावला कास्टिंगवाल्यांची कमी नाही, हात चांगले आहेत. पण जुना पार्टच साचा म्हणून दिलात तर ओतलेलं अॅल्युमिनियम थंड होताना आकसतं, शंभराला सव्वाच्या आसपास, आणि भोकांचं अंतर चुकतं. ते वाढवून लाकडी पॅटर्न करावा लागतो, वरून मशीनिंग. एका नगाला हा खर्च आयात मालापेक्षा जास्त जातो. क्लबकडे आठ-दहा बोटी असतील तर हिशेब बदलतो. तेव्हा एलएम६ हा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू मागा, खाऱ्या पाण्यात तो टिकतो. तरीही फ्रेमच्या कोपऱ्यांची कास्टिंग आणि मास्टच्या पायाचं कास्टिंग मी ओतून घेणार नाही. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो बाहेरून दिसत नाही, आणि तिथे अख्ख्या मास्टचा भार आहे.

लेथवाल्याकडून मात्र बिनधास्त काम घ्या. गजनमधली प्लास्टिकची बुशिंग झिजून रडर खुळखुळतं, ती डेलरिनच्या (एका कडक प्लास्टिकच्या) दांड्यातून हवी तशी कातून मिळतात, आणि पिन किती झिजलीय त्यानुसार माप ठेवता येतं, जे तयार पार्टमध्ये जमत नाही. मास्टखाली जी पांढरी चकती असते, मास्ट फिरावी म्हणून, ती टेफ्लॉनची कातून घ्या. याला आयात कशाला?

तारा. यात कंजुषी नको. दोन श्राउड (बाजूच्या तारा) आणि एक फोरस्टे (पुढची तार), एवढ्यावर मास्ट उभी असते. एक तुटली की मास्ट खाली, आणि खाली माणसं बसलेली. तारेची एखादी शीर जरी सुटून बोटाला टोचत असेल किंवा दाबलेल्या स्लीव्हच्या (तारेचा फास पक्का करणाऱ्या नळीच्या) तोंडाशी तांबूस डाग असेल, तर सगळा संच बदलायचा, एकटी खराब तार नाही. सगळ्यांचं वय एकच असतं. श्राउडची तार साधारण ३ मिमीची, आणि ती मुंबईत मिळते. नागदेवी स्ट्रीटला वायर रोपची दुकानं आहेत, पण तिथे ‘एसएस’ म्हणून जे देतात ते काय आहे हे स्वतः पाहून घ्या. आपल्याकडे लोहचुंबक लावून बघायची सवय आहे. ती इथे कामाची नाही, कारण स्वस्तातलं २०२ ग्रेडही चुंबकाला फारसं धरत नाही आणि ३१६ ही धरत नाही. २०२ घेतलंत तर पहिल्या पावसाळ्यातच चहासारखे डाग दिसतील. स्टीलवाल्यांकडे मॉलीची टेस्ट-बाटली असते. दोन थेंब टाकून बॅटरी लावली की ३१६ मधल्या मॉलिब्डेनममुळे रंग बदलतो. दुकानदार चांगला असेल तर तोच करून दाखवतो. भंगारच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे तर हल्ली धातू ओळखणारी गनच असते.

शॅकल, क्लेव्हिस पिन, बोल्ट यांनाही हाच नियम. शिवाय घाईत अंदाजाने मोजून आणू नका, जुनी पिन खिशात घेऊनच जा. होबीवर इंचाची मापं आहेत. पाव इंचाच्या भोकात ६ मिमीची पिन ढिली बसते, हलत राहते आणि भोक अंडाकृती करते.

तारेची लांबी मोजताना एका पिनच्या मध्यापासून दुसऱ्या पिनच्या मध्यापर्यंत, तार ताणून. तोंडाशी थिंबल (फासाच्या आत बसणारी खोबण) आणि तांब्याची स्लीव्ह. अॅल्युमिनियमची स्लीव्ह स्टीलच्या तारेवर खाऱ्या हवेत कुजते. दाबायला योग्य मापाचं हत्यारच हवं. पक्कडीने किंवा हातोड्याने दाबलेली स्लीव्ह मी स्वतः कापून टाकतो, मालक काहीही म्हणो. हे जमणारं कोणी जवळ नसेल तर तयार तारांचा संच मागवणं परवडतं. गुंडाळून छोट्या खोक्यात येतो.

ब्लॉकसाठी होबीचं नाव विसरा. हार्केन, रॉनस्टन, अॅलन यांपैकी जे मिळेल ते. मेनशीटला (मुख्य शीड ओढायच्या दोरीला) रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने मोकळा फिरणारा, ब्लॉक घ्या, नाहीतर वारा वाढला की हात भरून येतील. तुमचे ‘जाम’ ब्लॉकही आधी गोड्या कोमट पाण्यात एक रात्र भिजवून बघा. निम्म्या वेळा आत फक्त मीठ आणि वाळू असते. तेल घालू नका, त्याला वाळू चिकटते.

ट्रॅम्पोलिन इथेच शिवून घ्या. ताडपत्री आणि तंबू शिवणाऱ्यांची मशीन या कापडाला पुरते. पण दोन गोष्टी त्यांना माहीत नसतात. माप जुन्या कापडावरून घ्यायचं नाही, कारण ते ताणून ताणून वाढलेलं असतं. माप फ्रेमवरून घ्या आणि ताणायला दोरीची जागा सोडून कापड थोडं आखूडच ठेवा. आणि दोरा. आपल्याकडे कापड महागातलं आणतात आणि दोरा साधा. ऊन आधी दोराच खातं. मग एक दिवस माणूस ट्रॅम्पोलिनमधून खाली जातो आणि कापड बघावं तर नवंकोरं. जाड, ऊन सोसणारा पॉलिएस्टरचा दोरा हवा, सुती नको, नायलॉनही नको. कडेला जी दोरी शिवलेली असते ती बाजूच्या नळीच्या खाचेत सरकते. तिची जाडी जुळली नाही तर सगळं शिवण उसवावं लागतं, म्हणून शिवायच्या आधी त्या दोरीचा वीतभर तुकडा खाचेतून सरकवून बघा.

शीड तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे बरं असावं. शर्यतीत उतरायचं असेल तर क्लासच्या नियमाप्रमाणे शीड होबीचंच लागतं. नुसतं फिरायला जायचं असेल तर भारतातले शीड शिवणारेही करून देतात.

फ्रेमच्या नळ्या कोपऱ्याच्या कास्टिंगमध्ये घट्ट बसलेल्या असतील आणि सुटत नसतील तर तशाच राहू द्या. गंज काढणारं तेल, थोडी उष्णता, चार दिवस धीर, असं करून सुटतात. पण सोडवायची गरज आहे का? नळीला चीर असेल तर वेल्डिंग करू नका. उष्णतेने त्या जागचं अॅल्युमिनियम मऊ पडतं आणि पुढची चीर वेल्डच्या शेजारून जाते. नळी बदला, मूळचीच. रिव्हेट मात्र जागच्या जागी बदलता येतात, फक्त स्टीलचं रिव्हेट अॅल्युमिनियममध्ये घालताना मध्ये झिंक क्रोमेटची पेस्ट लावायची. दुकानातले साधे अॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट फ्रेमला पुरत नाहीत.

जुनी बोट पार्टसाठी घेणं, हा मला सर्वांत पटणारा मार्ग. एका मेलेल्या होबीत तुम्हाला चार कास्टिंग, दोन रडर, मास्ट, बूम (शिडाखालचा आडवा दांडा), नळ्या, सगळं मिळतं, बहुधा दोन-तीन नव्या पार्टच्या किमतीत. शोधायचं कुठे? किनाऱ्यावरचे रिसॉर्ट, वॉटर स्पोर्ट्सवाले, सेलिंग क्लबच्या मागच्या शेड. सरकारी आणि लष्करी संस्थांचा जुना माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो, त्यात अधूनमधून बोटीही असतात. मात्र लिलावात माल लॉटने जातो आणि तुम्हाला नको असलेली चार कायाकही उचलावी लागतात. मुंबईच्या दारुखान्यात, म्हणजे जहाजांच्या भंगाराच्या बाजारात, होबीचे पार्ट मिळतील अशी आशा ठेवू नका. तिथे जहाजांचा माल. पण चांगल्या दोऱ्या आणि जड शॅकल पाहायला जरूर जा.

तुमच्या बोटीचे कागद नाहीत म्हणालात. रिसॉर्टकडून विक्रीची पावती हलच्या नंबरासह आत्ताच लिहून घ्या. रिसॉर्ट बंद झालंय, सही करणारा माणूस सहा महिन्यांनी सापडणार नाही.

जे परदेशातून मागवायचं ते एकाच खोक्यात, एकाच वेळी. कस्टम्स ड्यूटी वस्तूच्या किमतीवर तर लागतेच, पण भाडं आणि विमा धरून जी रक्कम होते तिच्यावर लागते, वर जीएसटी. कुरिअरवाले प्रत्येक पार्सलला आपलं हाताळणीचं शुल्क वेगळं लावतात. पाच पार्सल म्हणजे पाच वेळा. ‘गिफ्ट लिहून पाठवा’ हा जुना सल्ला २०१९ च्या डिसेंबरपासून बाद आहे, भेटवस्तू म्हणून येणाऱ्या मालाची सूट तेव्हा काढून घेतली. बिलावर किंमत खरी आणि प्रत्येक पार्ट वेगळा लिहायला सांगा. ‘बोट पार्ट्स’ एवढंच लिहिलेलं खोकं अडकून पडतं. सिंगापूर, दुबई किंवा पर्थचं कोणी नातेवाईक येत असेल तर कॅम, प्लंजर, स्प्रिंग, ड्रेन प्लग (हलमधलं पाणी काढायचं बूच) आणि त्याच्या रिंगा एवढं सहज बॅगेत येतं.

कोकणात हंगाम ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये बोट झाकलीत की त्याच आठवड्यात ऑर्डर द्या. सप्टेंबरात दिलीत तर दिवाळी मालाची वाट बघण्यात जाईल.

मास्टबद्दल एवढंच. होबी १६ ची मास्ट ८ मीटरच्या वर आहे आणि २० फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर. हल, ५.०५ मीटरचा, त्यात जातो. मास्ट जात नाही, तिला ४० फुटी कंटेनर लागतो किंवा कोणाच्या तरी मालात जागा. म्हणून मास्टला जपा. तळाचं आणि शेंड्याचं सील तपासा. मास्ट हवाबंद असते ती बोट कलंडल्यावर तरंगून राहावी म्हणून. आत पाणी शिरलं तर बोट पूर्ण उलटी होते आणि उथळ खाडीत शेंडा चिखलात रुततो. मास्ट आडवी धरून हलवा, आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो का बघा. येत असेल तर तळाच्या कास्टिंगचे रिव्हेट काढून, सुकवून, सीलंट लावून परत बसवायचं, अर्ध्या दिवसाचं काम. हलचा नंबर, पुढच्या पायलनजवळचा डेक आणि तुटलेलं कास्टिंग यांचे फोटो पाठवा, मग मागवायची यादी नेमकी करून देतो.